सव्यापसव्य

येवाची झाडं फुलून गेली. त्यांच्यामागून येणारी शेवटची थंडीही
आबावाच्या पाण्यावर दोन रात्री बसली आणि उठून गेली.
आता घेवडा लावायला हरकत नाही.

एवढं सव्यापसव्य कशाला, भाऊ आयर्लंडहून फोनवर म्हणाला,
तयार मिळतो की मांडव, प्लास्टिकचा, घडी होणारा.
मी म्हटलं, बघू.

मांडव म्हणजे काय मोठं?
सहा काठ्या उभ्या, चार आडव्या,
ओढ्याकाठच्या हेझलच्या, अंगठ्याएवढ्या जाड,
साल तशीच ठेवलेली, कारण गुळगुळीत काठीवरून वेल घसरते.
डांबराचा वास येणारी सुतळी.
एक पहार.
आणि स्टुलावर, कोटाची दोन बटणं चुकीच्या काजांत,
माझे वडील.

एइझेन्स, जिनेवाले.
या गावात त्यांचे पाच जिने, एकही कुरकुरत नाही.
फेब्रुवारीत उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर शब्द गेले.
उरले तीन: नाही, थांब,
आणि एक शिवी, जी आईसमोर त्यांनी कधी दिली नव्हती.

मी पहारीने भोक पाडते. नाही.
भोक वीतभर सरकवते. नाही.
काठी रोवते, टाचेने माती दाबते. थांब.
थांबते.
विजेच्या खांबावरच्या घरट्यात करकोचा चोच वाजवतो,
जणू त्यालाही सुतारकाम कळतं.
मग शिवी. स्वच्छ, सबंध, एकही अक्षर न अडखळता.
मी हसते. तेही हसतात, येतं तेवढ्या तोंडाने.

चौथ्या काठीपासून मी त्यांच्याकडे बघणंच सोडलं.
आडव्या काठ्या बांधल्या मला येतात त्या गाठींनी,
बुटाच्या नाडीच्या.
उभं राहिलं ते काहीतरी: डावीकडे कललेलं,
एका टोकाला चार बोटं उंच.
त्यांच्या पातळीतला बुडबुडा हे बघून पळून गेला असता.
म्हटलं, बाबा, घेवड्याला कुठे कळतंय.
ते काही बोलले नाहीत.
तिन्ही शब्द खिशात घालून बसून राहिले.

जूनमध्ये कोंब वर आले, हातभर झाले, हवेत चाचपडू लागले,
परक्या घरात रात्री दिव्याचं बटण शोधावं तसे.
मी एकेक धरून काठीला गुंडाळला,
घड्याळाच्या काट्यांसारखा, नीट, दोन दोन वेढे.
सकाळी सगळे सुटलेले.
परत गुंडाळले. परत सुटले.
तिसऱ्या दिवशी सुतळीने बांधून टाकले,
तर एकाचा शेंडाच मोडला.
त्या रात्री जेवताना मी ताटं जरा जोरात ठेवली.

इथे जूनमध्ये रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड जात नाही,
नुसता पातळ होतो, ताकावर पाणी यावं तसा.
भांडी पुसताना खिडकीतून दिसलं:
स्टूल रिकामं.
बाबा मांडवापाशी. काठी टेकायची की हात वापरायचा,
एकच हात, म्हणून त्यांनी काठी गवतात टाकलेली
आणि उजवा खांदा, सगळं वजन,
माझ्या त्या वाकड्या काठ्यांवर सोडून दिलेलं.

मी फडकं धरून उभी. आत्ता पडणार.
नाडीच्या गाठी. आत्ता.

मांडव एकदा करकरला
आणि गप्प झाला.

डाव्या हाताने ते माझ्या सुतळ्या सोडत होते, दातांची मदत घेत.
मग कोंब दोन बोटांत धरून फिरवला,
उलटा. माझ्या उलट, घड्याळाच्या उलट,
सूर्य जातो त्याच्याही उलट.
सोडला. तो राहिला.
पुढचा.
त्यालाही तीच बाजू. वेलीला बाजू एकच असते,
हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळत होतं,
तेही ओल्या बशीला फडकं लावून.

शेंडा मोडलेल्या वेलीशी ते बराच वेळ होते.
काय करत होते ते पाठीआड गेलं.
मग शिवी ऐकू आली,
हळू, जवळजवळ लाडाने.

मी दिवा लावला नाही.
दाराची कडी तेवढी आवाज न करता काढून ठेवली.